जुनी लष्करी रायफल चकाचक केली की भाव वाढतो?

अमेरिकेत हौशी लोक सैन्यातून निकाली निघालेल्या रायफली घेतात. त्यांच्यात एक समज पक्का: लाकडी दस्ता घासून पॉलिश केला की विकताना जास्त पैसे येतात. वाटणं साहजिक आहे. जुनं कपाट आपण तसंच विकतो.

पण संग्राहक पैसे मोजतो ते मूळपणाला. रशियन मोसिन-नागांत रायफल घ्या. तिच्या लाकडावर कारखान्याचे शिक्के असतात. पॉलिशपेपर फिरला की गेले कायमचे. मग भागांवर ठोकलेले नंबर. नळीच्या बुडाचा नंबर बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता दांडा), मॅगझिनचं म्हणजे काडतुसांच्या पेटीचं तळझाकण आणि दस्त्यामागची पट्टी यांच्याशी जुळवा. जुळले तरी भिंग लावाच, कारण सोव्हिएत डागडुजीत जुना नंबर रेघ मारून खोडत आणि नवा ठोकत. अशीला भाव कमी. आणि भाव बघताना लिलावात प्रत्यक्ष विकलेल्यांचा बघा, मागितलेला नव्हे.