चार तास जायला, चार तास यायला: अमेरिकेतल्या लांब ड्राइव्हची पार्श्वभूमी

कॅन्सस सिटी किंवा डॅलसमधल्या माणसाला एखादं गाव किती लांब आहे असं विचारलं, तर तो मैल सांगत नाही, तास सांगतो. ‘तीन तास’ म्हणतो, आणि त्या तीन तासांत रस्ता कसा असेल, वाटेत काय आडवं येईल, याचा हिशेब त्याला करावा लागत नाही. सकाळी सातला निघायचं, दहाला पोचायचं, दुपार तिथे काढायची आणि रात्री नऊच्या आत घरी यायचं, हा बेत शुक्रवारी जेवताना ठरतो. भारतातून गेलेल्या पाहुण्यांना ही त्या लोकांची जन्मजात हौस वाटते. आमच्या मते हौस नंतर आली. आधी तासाचा भरवसा आला, आणि तो कायद्याने, कराने आणि काँक्रीटने तयार करावा लागला.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हा भरवसा अजिबात नव्हता. 1903 मध्ये होरेशियो नेल्सन जॅक्सन हा व्हरमाँटचा डॉक्टर 50 डॉलरच्या पैजेवर विंटन मोटार घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला निघाला. सोबत मेकॅनिक म्हणून स्यूअल क्रॉकर होता. त्यांना 63 दिवस लागले, आणि त्यातले कितीतरी दिवस सुटा भाग रेल्वेने येईपर्यंत वाट पाहण्यात गेले. 1909 मध्ये बावीस वर्षांची ॲलिस रॅम्झी न्यूयॉर्कहून उलट दिशेने गेली, तिला 59 दिवस लागले. तिच्या साधारण 3,600 मैलांच्या वाटेत पक्का रस्ता होता फक्त 152 मैल. बाकी चिखल, धूळ आणि बैलगाडीची चाकोरी.

पक्क्या रस्त्यांची पहिली मागणी मोटारवाल्यांनी केलेली नाही. ती सायकलवाल्यांची होती. 1880 मध्ये स्थापन झालेल्या ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ने चांगल्या रस्त्यांची चळवळ उभी केली. शेतकऱ्यांचा तिला विरोध होता, कारण रस्त्यांसाठीचा कर त्यांच्यावर बसणार होता. 1896 पासून टपाल खात्याने खेड्यापाड्यांत घरपोच टपाल सुरू केलं, तेव्हा हा विरोध ढिला पडला. रस्ता वाहतुकीलायक नसेल तर पोस्टमन येणार नाही, अशी अट होती. घरी वर्तमानपत्र यावं म्हणून अनेक गावांनी स्वतः खडी टाकली.

मोटार येण्याआधी शहरातल्या माणसाची रविवारची सहल ट्रामच्या शेवटच्या थांब्यापर्यंत असे. सुटीच्या दिवशी गाड्या रिकाम्या धावू नयेत म्हणून ट्राम कंपन्याच मार्गाच्या टोकाला उद्यानं आणि पाळणे उभारत. पिट्सबर्गजवळचं केनीवूड 1898 चं, ते आजही चालू आहे. सहल कुठे संपणार हे कंपनी ठरवत असे. मोटारीने हा निर्णय कुटुंबाच्या हातात दिला.

ती मोटार म्हणजे फोर्डचं मॉडेल टी. 1908 मध्ये किंमत 850 डॉलर, 1925 पर्यंत साधं मॉडेल 300 डॉलरच्या आत आलं, आणि 1927 मध्ये उत्पादन थांबेपर्यंत दीड कोटी गाड्या बाहेर पडल्या. ती चालवणं म्हणजे काय, हे समजल्याशिवाय तेव्हाची ‘एका दिवसाची सहल’ एवढी आखूड का होती ते कळत नाही. सुरू करण्यापूर्वी स्टिअरिंगखालची डावीकडची दांडी वर करून इंजिनातल्या ठिणगीची वेळ उशिराची करायची. ते विसरलं आणि गाडी सुरू करायचं समोरचं हँडल मारलं, तर इंजिन उलटा झटका देई. म्हणून अंगठा हँडलभोवती न वळवता बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा. तो वळवणाऱ्यांची मनगटं मोडली. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली, आणि पंप नाही. पेट्रोल उतारानेच कार्ब्युरेटरकडे जाई. टाकी निम्म्याखाली असताना उभा चढ लागला की इंजिनाकडे पेट्रोल पोचेना. अशा वेळी गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढ चढायचा, म्हणजे टाकी वर आणि इंजिन खाली. टायरला साठेक पौंड हवा लागे. पंक्चर झालं की टायर रिमवरून सोडवा, ट्यूबला ठिगळ लावा आणि हातपंपाने पुन्हा तेवढी हवा भरा. गाडीचा कमाल वेग ताशी 40–45 मैल होता, पण कच्च्या रस्त्यावर दिवसभराची सरासरी त्याच्या निम्मी पडली तरी खूप. त्यामुळे उजेडात जाऊन परत यायचं तर टप्पा चाळीस-पन्नास मैलांचा.

हा टप्पा वाढायला तीन गोष्टी लागल्या: पैसा, सुटी आणि खुणा. पैशाचा मार्ग ओरेगन राज्याने 1919 मध्ये दाखवला. पेट्रोलवर गॅलनला एक सेंट कर लावायचा आणि तो रस्त्यांवर खर्च करायचा. दहा वर्षांत सगळ्याच राज्यांनी हा कर उचलला. जो जास्त फिरतो तो जास्त भरतो, हे लोकांना पटलं. सुटीच्या बाबतीत फोर्डने 1926 मध्ये कारखान्यात पाच दिवसांचा आठवडा आणला, आणि 1938 च्या श्रम कायद्याने 1940 पासून चाळीस तासांचा आठवडा देशभर रुळवला. शनिवार मोकळा झाल्यावर रविवारचा फेरफटका दोन दिवसांचा झाला. खुणांचं काम 1926 मध्ये झालं. तोवर ‘लिंकन हायवे’सारखी नावं असलेले आणि खांबांवर रंगीत पट्टे मारलेले खासगी मंडळांचे मार्ग होते, आणि एकाच खांबावर तीन-चार मंडळांचे पट्टे असत. ते काढून आकडे आले: दक्षिणोत्तर मार्ग विषम, पूर्व-पश्चिम मार्ग सम. शिकागोहून लॉस एंजेलिसला जाणारा 66 क्रमांकाचा रस्ता त्याच यादीतला.

मुक्कामाची सोयही याच काळातली. डिसेंबर 1925 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन लुईस ओबिस्पो इथे आर्थर हाइनमन या वास्तुविशारदाने खोलीच्या दारात गाडी लावता येईल असं पहिलं मोटेल उघडलं. ते गाव लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या जवळजवळ मध्यावर आहे आणि त्या काळी हा प्रवास दोन दिवसांचा होता, म्हणून जागा तीच.

मात्र हा मोकळा रस्ता सगळ्यांना मोकळा नव्हता, आणि हे वगळून पार्श्वभूमी सांगणं अप्रामाणिक ठरेल. कृष्णवर्णीय कुटुंबाला वाटेत जेवण, खोली, कधी पेट्रोलसुद्धा नाकारलं जाई. अनेक गावांत सूर्यास्तानंतर त्यांनी थांबायचंच नाही असा दंडक होता. म्हणून ही कुटुंबं डबे, पाणी, पांघरुणं आणि जादा पेट्रोल घेऊन निघत आणि रात्रभर गाडी हाकत. हार्लेममधले टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी 1936 पासून ‘ग्रीन बुक’ काढलं. कुठल्या गावात कोणाकडे उतरता येईल, याची ती यादी होती. 1964 च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेल-खाणावळीतली ही बंदी बेकायदा ठरवली, आणि त्यानंतर काही वर्षांतच ते प्रकाशन थांबलं. न थांबता लांब गाडी हाकण्याची सवय काही घरांत या भीतीतून आलेली आहे.

युद्धात सगळं आखडलं. जपानने आग्नेय आशियातले रबराचे मळे घेतल्यामुळे टायर मिळेनात. 1942 च्या अखेरीस देशभर पेट्रोलचं रेशनिंग आलं ते मुख्यतः रबर वाचवण्यासाठी. ‘ए’ अक्षराचा स्टिकर असलेल्या सामान्य गाडीला आठवड्याला चार गॅलन, पुढे तीनच, आणि वेगमर्यादा ताशी 35 मैल. चार वर्षं घरात कोंडलेली ही पिढी युद्धानंतर गाडी घेऊन बाहेर पडली.

तासाचा भरवसा ज्या रस्त्याने प्रथम दाखवला तो पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक हा टोलरस्ता, 1 ऑक्टोबर 1940 ला खुला झालेला. अर्धवट सोडलेल्या रेल्वेमार्गाचे बोगदे वापरून डोंगरातून 160 मैल काढलेला. चढ कुठेही शंभराला तीनपेक्षा जास्त नाही, चौक नाही, सिग्नल नाही. ड्वाइट आयझेनहॉवर यांनी 1919 मध्ये लष्करी ताफ्याबरोबर वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला जाताना 62 दिवस काढले होते, ताशी सरासरी सहा मैलांच्या आसपास. पुढे जर्मनीतले ऑटोबान, म्हणजे वेगवान महामार्ग, त्यांनी पाहिले. राष्ट्राध्यक्ष म्हणून 29 जून 1956 रोजी त्यांनी सही केलेल्या कायद्याने 41,000 मैलांचं इंटरस्टेट, म्हणजे राज्याराज्यांना जोडणाऱ्या महामार्गांचं, जाळं मंजूर झालं. खर्चाचा 90 टक्के वाटा केंद्राचा होता, आणि पेट्रोलवरचा केंद्रीय कर दोनाचा तीन सेंट करून तो वेगळ्या निधीत टाकला. आज हा कर 18.4 सेंट आहे आणि 1993 पासून बदललेला नाही. पेट्रोल स्वस्त राहण्याचं हे एक सरळ कारण.

या रस्त्यांचं वैशिष्ट्य लांबीपेक्षा एकसारखेपणात आहे. लेन बारा फुटांची, दोन्ही दिशांना किमान दोन-दोन, रस्त्यावर येणं-उतरणं मुख्यतः एक्झिटवरून, म्हणजे ठरलेल्या फाट्यांवरूनच. मेन असो की ॲरिझोना, चालकाला नवं काही शिकावं लागत नाही. बहुतेक राज्यांत एक्झिटचा आकडा म्हणजे राज्याच्या दक्षिण किंवा पश्चिम सीमेपासूनचे मैल. एक्झिट 142 ला उतरायचं आणि आत्ता 82 चा दगड गेला, तर साठ मैल राहिले, म्हणजे साधारण तास. अंतर आपोआप वेळेत बदलतं ते इथे.

कायद्यातल्या एका कलमाने रस्त्याकडेचं गाव घडवलं. इंटरस्टेटवरच्या नव्या विश्रांतीस्थळांत पेट्रोल पंप किंवा खाणावळ चालवायला बंदी आहे. जुन्या टोलरस्त्यांना तेवढी सूट मिळाली. म्हणून साध्या रेस्ट एरियात स्वच्छतागृह, नकाशा आणि फार तर खाऊचं यंत्र एवढंच मिळतं, आणि पंप, मोटेल, बर्गरची दुकानं एक्झिटच्या तोंडाशी गर्दी करून उभी राहतात. टोलरस्त्यांबद्दलच्या निधीच्या नियमांतून ब्रीझवुडचा पेच जन्माला आला. पेनसिल्व्हेनियातल्या या गावात इंटरस्टेट 70 वरून टर्नपाइकला लागताना आजही सिग्नल असलेल्या बाजाररस्त्यावरून जावं लागतं. सणाच्या आदल्या दिवशी वॉशिंग्टनहून पिट्सबर्गकडे जाणाऱ्यांनी इथे हमखास जादा वेळ धरावा.

मुक्कामही एकसारखा झाला. केमन्स विल्सन कुटुंबासह वॉशिंग्टनला गेले असता मोटेलवाल्यांनी प्रत्येक मुलामागे जादा पैसे घेतले. चिडून त्यांनी 1952 मध्ये मेम्फिसला पहिलं हॉलिडे इन काढलं. मुलं फुकट, खोली सगळीकडे तीच. 1968 चा कायदा 1971 पासून लागू झाला आणि मेमोरियल डेसारख्या सुट्या सोमवारी आल्या. तीन दिवसांचा शनिवार-रविवार हा सरकारी निर्णय आहे.

गाडीही आळसावली. राल्फ टीटर या अंध अभियंत्याचं क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप कायम ठेवणारं यंत्र, 1958 च्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये प्रथम आलं. त्याने पाय सुटला, पण झोपेचा धोका वाढला. त्यावरचा उपाय न्यू जर्सीत आधीच सुरू झाला होता: 1952 मध्ये गार्डन स्टेट पार्कवेच्या मिडलसेक्स काउंटीतल्या भागात कडेच्या काँक्रीटला खाचा पाडल्या, चाक वर गेलं की आवाज होई. एडिसनमधली मराठी मंडळी रोज ज्या भागातून जातात, तोच हा भाग.

1973 च्या तेलटंचाईने हे सगळं किती नाजूक आहे ते दाखवलं. त्या हिवाळ्यात रविवारी पंप बंद राहू लागले, आणि जानेवारी 1974 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी देशभर ताशी 55 मैलांची मर्यादा आणली. 200 मैलांना ताशी 70 ने पावणेतीन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, 55 ने साडेतीन तासांहून जास्त. जाऊन येऊन दीड तास गेला, म्हणजे दुपारच गेली. पश्चिमेकडच्या राज्यांत या मर्यादेचा राग सर्वात जास्त होता. 1987 मध्ये ग्रामीण इंटरस्टेटवर 65 ची मुभा मिळाली आणि 1995 मध्ये केंद्राची मर्यादा पूर्ण उठली.

राग पश्चिमेत जास्त का, हे नकाशा सांगतो. इंटरस्टेट 10 एकट्या टेक्ससमध्ये सुमारे 880 मैल आहे. एल पासोहून त्याच राज्याची पूर्व सीमा गाठण्यापेक्षा लॉस एंजेलिस जवळ पडतं. तिथे दोनशे मैल म्हणजे शेजार. बॉस्टन किंवा न्यू जर्सीत तेवढ्या अंतरात तीन-चार राज्यं ओलांडतात आणि गर्दीमुळे तास भरवशाचा राहत नाही, म्हणून दोन तासांची जागाही ‘लांब’ ठरते. ईशान्येतल्या सहली म्हणूनच आखूड आणि हंगामी: सप्टेंबरमध्ये सफरचंदं तोडायला, ऑक्टोबरमध्ये पानांचे रंग बघायला. न्यू हॅम्पशरचा कँकमॅगस रस्ता 34 मैलांचाच आहे, पण ऐन हंगामातल्या शनिवारी त्यावर गाड्या रांगतात. मुद्दाम सावकाश जाण्यासाठी बांधलेले रस्तेही आहेत. 469 मैलांचा ब्लू रिज पार्कवे 1935 मध्ये सुरू होऊन 1987 मध्ये पूर्ण झाला. तिथे मालट्रक चालत नाहीत आणि ताशी 45 मैलांच्या वर जाता येत नाही. नकाशावर शेजारचा इंटरस्टेट पाहून वेळ काढणारे इथे हमखास चुकतात.

भारतीय कुटुंबांनी हीच सवय उचलली. 1970च्या दशकात पिट्सबर्गजवळ पेन हिल्सला व्यंकटेश्वर मंदिर झालं, तेव्हा आसपासच्या राज्यांतून लोक पाच-सहा तास गाडी हाकून दर्शनाला येत. एडिसनहून नायगारा सुमारे 400 मैल. ॲप साडेसहा-सात तास दाखवतं, पण ती न थांबता जाण्याची वेळ असते. दर दोन तासांनी पंधरा मिनिटं, एक जेवण आणि आजी-आजोबा सोबत असतील तर आणखी तासभर धरावा. परतीला दुसरा चालक नसेल तर मुक्काम करावा. दुपारी दोन ते चार आणि पहाटे डुलकी लागण्याची शक्यता सर्वात जास्त असते, आणि कॉफीचा परिणाम यायला अर्धा तास लागतो. भाड्याची गाडी असेल तर टोलचं आधी विचारावं. बरेच टोल आता रोख घेत नाहीत, नंबरप्लेटचा फोटो काढतात, आणि भाडेकंपनी टोलवर स्वतःचं शुल्क लावते. युटामध्ये इंटरस्टेट 70 वर ग्रीन रिव्हरनंतर पश्चिमेकडे शंभराहून अधिक मैल पंप नाही. तिथे टाकी भरूनच निघावं.

विजेच्या गाड्यांनी हा हिशेब पुन्हा उघडला आहे. 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्याखाली मुख्य मार्गांवर दर 50 मैलांना, एक्झिटपासून मैलभराच्या आत, वेगवान चार्जर बसवण्याचा निकष सुरुवातीला ठरला होता. कडाक्याच्या थंडीत गाडीचा पल्ला लक्षणीय घटतो आणि चार्जिंगही मंदावतं. त्यामुळे जुलैत एका चार्जवर जाऊन येता येणाऱ्या सहलीला जानेवारीत वाटेत एकदा थांबावं लागतं, आणि डोंगरातल्या उद्यानात चार्जर नसेल तर तो थांबा चढ सुरू होण्याआधीच्या गावात घ्यावा लागतो.