घरी वही तपासण्याआधी: कंचेभागुबेवबद्दल पालकांसाठी माहिती

“२० − ८ + ५ चं उत्तर ७ यायला हवं. तुम्ही १७ ला बरोबरची खूण कशी केलीत?” नवीन तुकडी सुरू झाली की पालकांकडून हा प्रश्न हमखास येतो. उत्तर १७ च आहे.

कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम आपण सगळ्यांनीच पाठ केला आहे. घोटाळा होतो तो शेवटच्या दोन अक्षरांत. ‘बे’ आधी येतं म्हणून बेरीज आधी, असं धरून ८ आणि ५ मिळवले की १३ होतात आणि २० मधून १३ गेले की ७ उरतात. पण गणितात ५ मिळवायला सांगितले होते. ते ८ ला जोडल्यामुळे तेही वजा झाले. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवरच्या क्रिया आहेत. दोन्ही आल्या की डावीकडून उजवीकडे जायचं.

भागाकार-गुणाकारालाही हाच नियम आहे, पण तिथे चूक दिसत नाही. ६ × ८ ÷ ४ डावीकडून सोडवा किंवा ८ ÷ ४ आधी करा, उत्तर १२ च येतं. त्यामुळे अक्षरांच्या क्रमाने जाणंच बरोबर, असं मनात पक्कं बसतं आणि वजाबाकीचं उदाहरण आलं की मूल फसतं. घरी बरोबर उत्तर खोडलं गेलं, की पुढचा तास तेच पुन्हा समजावण्यात जातो. म्हणून कळकळीची विनंती: शंका आली तर खोडू नका, समासात प्रश्नचिन्ह करून वही पाठवा.

“एका तासात इतकीच उदाहरणं का?” असंही विचारलं जातं. आमच्याकडे मूल आधी करायच्या क्रियेखाली रेघ मारतं, एका ओळीत एकच पायरी लिहितं आणि उरलेलं सगळं जसंच्या तसं खाली उतरवतं. याला वेळ लागतो, आणि तो आम्ही मुद्दाम देतो. उत्तर चुकलं तर नेमकी कुठली ओळ चुकली हे मुलाला स्वतःला सापडतं.

शाब्दिक उदाहरणांतही हेच. ७ सुट्या वह्या आहेत आणि १२-१२ वह्यांचे ५ गठ्ठे आहेत, एकूण वह्या किती? घाईत ७ आणि १२ मिळवून ५ ने गुणलं की ९५ येतात. म्हणजे सुट्या वह्याही प्रत्येक गठ्ठ्यात घातल्या! चित्र काढलं की गठ्ठे आधी मोजायचे हे दिसतं: ७ + १२ × ५ = ७ + ६० = ६७. गुणाकार आधी का, याचं कारण मुलाला इथे कळतं, म्हणून पहिले काही तास आम्ही चित्रांनाच देतो.

पडताळा कॅल्क्युलेटरवर घेत असाल तर आधी २ + ३ × ४ करून बघा. साधे कॅल्क्युलेटर बटणं दाबाल तशी क्रिया करत जातात आणि २० दाखवतात. सायंटिफिक कॅल्क्युलेटर १४ दाखवतो. १४ बरोबर.

पालकांसाठीही आम्ही एक तास ठेवला आहे. त्यात हीच उदाहरणं तुमच्याकडून सोडवून घेतो. प्रवेश घेतलेला नसला तरी या. येताना मुलाची जुनी वही आणा, खाडाखोड असलेली असेल तर जास्त बरं.