गळू पिकलं का?

खानापूरकडे भाताच्या चिखलात दिवसभर उभा राहणारा असो की चिकोडीकडे पाचटानं हात कापून घेणारा ऊसतोड्या, अंगावर गाठ उठली की घरात पहिला प्रश्न ठरलेला: "पिकलंय काय?" काखेत उठली तर काखमांजरी, केसाच्या मुळाशी केसतूड, बोटाला नखुरडं, मानेवर अनेक तोंडांची आली तर काळपुळी. बेळगावच्या दवाखान्यात एका बाकावरचा माणूस 'पू' म्हणतो, शेजारचा कानडीत 'कीवु' म्हणतो. डॉक्टरला दोन्ही कळतं.

हा प्रश्न आजीच्या पोटिसापेक्षाही खूप जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सतरावा अध्याय त्यावरच आहे. सुजेच्या तीन अवस्था: आम, पच्यमान, पक्व. कच्ची सूज कठीण, थोडी ऊन, रंग कातडीचाच. पिकू लागली की सुया टोचल्यासारखा, मुंग्या चावल्यासारखा ठणका. सोबत ताप, तहान. पिकल्यावर ठणका उतरतो, कातडीला सुरकुत्या पडतात आणि एका कडेनं दाबलं की दुसऱ्या कडेला पखालीतल्या पाण्यासारखा पू सरकतो. आजचा सर्जन दोन बोटांनी हेच पाहतो. कच्चं कापणारा आणि पिकलेलं तसंच ठेवणारा, दोघांनाही सुश्रुत सारखंच झोडपतो. खोलवरच्या सुजेत पिकल्याची लक्षणं पुरती दिसत नाहीत आणि वैद्य फसतो, हेही तिथंच लिहिलंय. ढुंगणावर 'इंजेक्शन पिकलं' म्हणून येणाऱ्यांच्या बाबतीत हे वाक्य अजून लागू पडतं. वरून नुसता कडकपणा, आत वाटीभर पू.

तिकडे रोममध्ये पहिल्या शतकात सेल्सस या ग्रंथकारानं लाली, सूज, उष्णता, वेदना ही चार लक्षणं नोंदवली. पण पू मुळात होतो कशानं, याचं उत्तर मिळायला एकोणिसावं शतक संपत यावं लागलं. तोवर युरोपात दाट, पांढरा पू चांगला मानला जायचा. १८६७ साली ब्रिटिश सर्जन लिस्टरनं कार्बोलिक आम्ल या जंतुनाशकाच्या वापराबद्दल लिहिलं, त्या लेखाच्या शीर्षकातच मोडलेल्या हाडांबरोबर गळूही आहे. मग स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचा सर्जन अलेक्झांडर ऑग्स्टन यानं गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली धरला. द्राक्षांच्या घडासारखे गोल जंतू दिसले, ते त्यानं कोंबडीच्या अंड्यांत वाढवले आणि १८८२ मध्ये त्यांना स्टॅफिलोकोकस हे नाव दिलं. दोनच वर्षांनी ग्राम या डॅनिश डॉक्टरनं जंतू रंगवून ओळखण्याची पद्धत काढली. पुवाची काचपट्टी आजही त्याच रंगात बुडते.

आपल्या भागाचा धागाही यात आहे. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात; पुढं १९५६ पर्यंत मुंबई राज्यात. त्याच इलाख्यात, मुंबईत आणि साताऱ्याला नोकरी केलेला हेन्री व्हॅनडाइक कार्टर हा डॉक्टर अनवाणी शेतकऱ्यांच्या सुजलेल्या, भोकाभोकांतून दाणे गाळणाऱ्या पायांचा अभ्यास करत होता. बुरशी आत शिरते आणि वर्षानुवर्षं पाय पोखरते, हे त्यानं मांडलं. पुढं कळलं की काहींत बुरशी असते, काहींत जीवाणू. औषध वेगळं, म्हणून दाण्याची तपासणी हवीच. क्षयाचं गळू असंच फसवं: सूज आहे, पण ऊनही नाही, ठणकाही फारसा नाही. नारूचाही, म्हणजे कातडीखाली वाढणाऱ्या लांब कृमीचा, पायावर आधी फोडच यायचा, कधी तो पिकायचा. भारतातला शेवटचा नारू १९९६ मध्ये नोंदला गेला.

पेनिसिलिन आलं आणि जंतूंनी लवकरच त्यालाही उत्तर शोधलं. १९५९ मध्ये मेथिसिलिन हे नवं प्रतिजैविक आलं. १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये त्यालाही न जुमानणारे स्टॅफिलोकोकस सापडले. म्हणूनच पू कल्चरला पाठवायचा, म्हणजे त्यातले जंतू वाढवून कोणतं औषध लागू पडतं ते पाहायचं. साचलेला पू मात्र नुसत्या गोळीनं सहसा आटत नाही, तिथं रक्तातून औषध नीट पोचतच नाही. चीर द्यावीच लागते. बिब्बा लावून तर वरून आणखी भाजतं.

पिकण्याची वाट पाहणं कुठं मारक ठरतं? कातडीवर थोडीशीच लाली आणि वेदना मात्र किंचाळायला लावणारी, तासातासाला पसरणारी सूज, काळसर-जांभळे फोड, दाबल्यावर चुरचुर: हा कातडीखालचे थर सडवणारा संसर्ग. १८७१ मध्ये अमेरिकेत जोसेफ जोन्सनं युद्धातल्या जखमींमध्ये त्याचं वर्णन केलं होतं. यात पू साचून पिकत नाही, आणि तपासण्यांसाठी शस्त्रक्रिया थांबवतही नाहीत.

एरवी सोनोग्राफीत आत पू आहे की नुसती सूज ते दिसतं, शंका असेल तर सुईनं ओढून बघतात. साखर तर तपासतातच. पुन्हापुन्हा गळवं येणाऱ्या कितीतरी जणांना मधुमेह आहे हे त्याच दिवशी कळतं. कल्चरचा रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी येतो. तोवर ठणका थांबलेला असतो, माणूस ऊसाच्या फडात परतलेला असतो, आणि कागद काउंटरवर पडून राहतो.