एचआरटी चालू आहे म्हणून दिवस जाणार नाहीत, असं समजू नका

आमच्या कोथरूडात मेडिकलच्या काउंटरपासून सोसायटीच्या बाकड्यापर्यंत सगळीकडे तेच, "अगं गर्भनिरोधक गोळी काय नि एचआरटी (म्हणजे पाळी जाताना, मेनोपॉजच्या त्रासासाठी देतात ती हार्मोनची गोळी) काय, दोन्हीत इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच ना, मग एकच की." एक नाहीये हो!

माला-डी ही गर्भनिरोधक गोळी सगळ्यांना माहितीये, २१ गोळ्या हार्मोनच्या, ७ लोहाच्या, आणि काम काय तर बीज बाहेर पडू न देणं. मेनोपॉजची गोळी हे काम करतच नाही, ती अंगातून वाफा येणं, रात्री घामाने गाऊन भिजणं, असल्या त्रासासाठी असते.

घोळ होतो पाकिटावरच्या आकड्यांनी. माला-डीवर एथिनिल इस्ट्राडायॉल ०.०३ मिग्रॅ आणि एचआरटीवर इस्ट्राडायॉल १ किंवा २ मिग्रॅ, मग बायकांना वाटतं हीच जास्त स्ट्राँग, हिने तर नक्कीच दिवस जाणार नाहीत. बरोबर उलटं आहे. एथिनिलवालं कृत्रिम आहे, लिव्हरमध्ये सहज मोडत नाही, म्हणून चिमूटभरात जबरदस्त काम करतं, आणि साधं इस्ट्राडायॉल तोंडाने घेतलं की बरंचसं लिव्हरमध्येच संपतं. शिवाय बीज अडवण्याचं मुख्य काम प्रोजेस्टिनचं (म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारख्या हार्मोनचं), आणि एचआरटीत ते फक्त गर्भपिशवीचं अस्तर जाड होऊ नये म्हणून घातलेलं असतं (पिशवी काढलेल्यांना म्हणून बहुतेक वेळा नुसतं इस्ट्रोजेनच देतात).

सत्तेचाळिशीतल्या काकू म्हणतात, चार महिने पाळी नाही, संपलं आता. नाही संपलं काकू, मध्येच एखादं बीज सुटतं. पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर २ वर्षं आणि पन्नाशीनंतर १ वर्ष काळजी घ्यायचीच.

आणि गर्भनिरोधक गोळीवर दर महिन्याला येतं ते हार्मोन थांबल्याचं ब्लीडिंग, त्यावरून मेनोपॉज आला की नाही ते कळत नाही.

मला खरा राग येतो तो वाफा येतात म्हणून सुनेच्या उरलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांचा. बीपी असेल, पस्तिशीनंतर सिगारेट असेल, डोळ्यांसमोर चमकून मायग्रेन होत असेल तर ती गोळी नकोच, रक्ताच्या गुठळीचा आणि स्ट्रोकचा धोका असतो, आणि पन्नाशीनंतर तर ती सहसा देतच नाहीत.

दिवस जाऊ नयेत आणि वाफाही थांबाव्यात, अशा दोन्ही गरजा असतील तर माझं मत पक्कं आहे, गायनॅकला हार्मोनवाल्या कॉपर-टीसारख्या साधनाबद्दल विचारा, लेव्होनॉर्जेस्ट्रेल ५२ मिग्रॅवालं. त्याने दिवसही जात नाहीत आणि अस्तरही सांभाळलं जातं, वरून इस्ट्रोजेन जेलने घ्यायचं, त्यात गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी.