क्षमा केली म्हणजे समेट झाला का?

आपल्या ख्रिस्ती घरांत दुखावलेल्या माणसाला बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो: क्षमा करा आणि पूर्वीसारखे राहा. नागपूरच्या सदरमध्ये असो की मोहननगरमध्ये, पाळकसाहेब भेटीला येवोत की घरातली वडीलधारी मंडळी समजूत काढोत, हे दोन्ही भाग एका दमात उच्चारले जातात आणि ऐकणाऱ्याला ती एकच आज्ञा वाटते. पवित्र शास्त्रात मात्र पहिला भाग आज्ञा आहे आणि दुसरा नाही. निदान त्याच दिवशी, कोणत्याही अटीविना पाळायची आज्ञा तर नाहीच. क्षमा आणि समेट या दोन गोष्टी एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की त्या वेगळ्या करून पाहणे काहींना कठोरपणाचे वाटते. तरीही मला ते करणे आवश्यक वाटते, कारण या गोंधळाची किंमत नेहमी दुखावलेलाच माणूस मोजतो.

हा गोंधळ दोन तऱ्हांनी नुकसान करतो. ज्याला परत त्याच माणसाच्या तावडीत जाण्याची भीती वाटते तो क्षमाच करत नाही, कारण क्षमा केली की परत जावे लागेल असे त्याने गृहीत धरलेले असते. आणि मग तो राग वर्षानुवर्षे त्याच्या झोपेवर, कामावर, मुलांवर उतरत राहतो. उलट जो आज्ञाधारक असतो तो घाईने परत जातो, पुन्हा तोच घाव खातो आणि आपला विश्वासच कमी पडला असे समजून स्वतःला दोष देत बसतो.

क्षमा म्हणजे काय हे प्रभू येशूने मत्तयाच्या 18व्या अध्यायात देण्याघेण्याच्या दृष्टांताने सांगितले आहे. एका दासाला त्याचा धनी दहा हजार तालान्तांचे कर्ज सोडतो, आणि तोच दास बाहेर पडताच शंभर दीनारांसाठी आपल्या सोबत्याची मानगूट धरतो. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी आणि तालान्त म्हणजे सुमारे सहा हजार दीनार. तेव्हा एकीकडे सहा कोटी दिवसांची मजुरी सोडली गेली आणि दुसरीकडे शंभर दिवसांची सोडवेना. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शंभर दीनार ही खोटी किंवा क्षुल्लक रक्कम नाही. तीन महिन्यांहून अधिक मजुरी आहे. क्षमा करणाऱ्याला ‘तुझे काही नुकसानच झाले नाही’ असे प्रभू कधीच सांगत नाही. नुकसान झाले, ते मोजता येते, आणि तरीही सूड घेण्याचा हक्क मी देवाच्या हाती सोपवतो, असा हा निर्णय आहे. त्याला समोरच्याची उपस्थिती लागत नाही. मार्क 11:25 मध्ये प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध तुमच्या मनात काही असेल तर त्याची क्षमा करा, असे म्हटले आहे. तिथे अपराधी माणूस खोलीत नाही, त्याने पश्चात्ताप केल्याचा उल्लेखही नाही.

यावर लूक 17:3 पुढे केले जाते, कारण तिथे भावाला दोष दाखवावा आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा करावी असे आहे. ही हरकत प्रामाणिक आहे आणि तिला बगल देऊ नये. माझे वाचन असे आहे की मार्कातले वचन देवासमोर मनात होणाऱ्या क्षमेविषयी बोलते आणि लूकातले त्या भावाला समोरासमोर दिल्या जाणाऱ्या क्षमेविषयी. आणि ही दुसरी क्षमा हीच समेटाची सुरुवात असते, म्हणूनच तिला पश्चात्तापाची अट आहे.

समेट एकट्याने होत नाही. त्याच 18व्या अध्यायात, शिष्य पेत्राने सात वेळा क्षमा करू का असे विचारण्याच्या आधी, 15 ते 17 या वचनांत त्याची रीत सांगितली आहे: आधी एकांतात जाऊन दोष दाखवावा, ऐकले नाही तर एक-दोन जणांना बरोबर न्यावे, तरी ऐकले नाही तर मंडळीला सांगावे, आणि मंडळीचेही ऐकले नाही तर त्याला परक्यासारखा समजावा. म्हणजे समेट न होण्याची शक्यता प्रभूने स्वतःच गृहीत धरली आहे. क्षमेच्या बाबतीत मात्र अशी मुभा नाही. तिथे सत्तर वेळा सात असे उत्तर आहे. रोमकरांस 12:18 मध्ये प्रेषित पौलही ‘शक्य असेल तर’ आणि ‘तुमच्याकडून होईल तितके’ अशा दोन मर्यादा घालून मगच सर्वांबरोबर शांतीने राहण्यास सांगतो.

क्षमा आहे पण समेट नाही, याचे दावीद आणि शौल यांच्यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. शौल राजा दावीदाच्या जिवावर उठला होता. एन-गेदीच्या गुहेत दावीदाने त्याला जिवंत सोडले तेव्हा शौल मोठ्याने रडला आणि तू माझ्यापेक्षा नीतिमान आहेस असे म्हणाला. दोनच अध्याय पुढे तोच शौल तीन हजार माणसे घेऊन पुन्हा त्याच्या पाठलागावर निघालेला दिसतो. त्या रात्री दावीद झोपलेल्या शौलाच्या उशाजवळचा भाला आणि पाण्याचे भांडे उचलून नेतो, पण त्याला हात लावत नाही. सकाळी शौल त्याला परत ये असे म्हणतो. दावीद काय करतो? एखाद्या तरुणाने इकडे येऊन राजाचा भाला घेऊन जावा, असे तो दुरूनच सांगतो. भाला परत केला, सूड घेतला नाही, शौलाचे वाईट चिंतले नाही. पण मधली खिंड ओलांडून तो स्वतः गेला नाही, आणि 1 शमुवेल 26चा शेवट दोघे आपापल्या वाटेने गेले असा होतो. अश्रू आणि पश्चात्ताप यांतला फरक दावीद एकदा शिकला होता.

समेट पूर्ण झाला तो भावांनीच विकलेल्या योसेफाच्या घरात, आणि तो किती सावकाश झाला हे उत्पत्तीच्या 42व्या अध्यायापासून वाचावे. भाऊ धान्यासाठी मिसरात (इजिप्तमध्ये) येण्याच्या कितीतरी आधी, पहिल्या मुलाचे नाव ठेवताना, देवाने मला माझे सर्व कष्ट विसरायला लावले असे योसेफ म्हणतो. मनातले काम तेव्हाच सुरू झाले होते. तरीही भाऊ समोर आल्यावर तो स्वतःची ओळख लगेच देत नाही. त्यांच्यातल्या शिमोनाला ठेवून घेतो, सर्वांत धाकट्या बन्यामीनाला आणायला लावतो, त्याच्या गोणीत रुप्याचा प्याला ठेवतो. हा छळ नव्हता. धाकट्या भावाला सोडून देण्याची संधी पुन्हा मिळाली तर ही माणसे काय करतील, हे त्याला पाहायचे होते. ज्या यहूदाने एकेकाळी योसेफाला विकण्याची कल्पना मांडली होती तोच आता बन्यामीनाच्या जागी मला दास म्हणून ठेवा असे म्हणतो, आणि तेव्हाच योसेफाला रडू आवरत नाही. त्यानंतर त्यांचा बाप याकोब मिसरात सतरा वर्षे जगला, आणि तो मरताच भावांना पुन्हा धास्ती वाटली की योसेफ आता उट्टे काढील. सतरा वर्षे त्याचे अन्न खाऊनही त्यांचा विश्वास बसला नव्हता.

हे आपल्या व्यवहारात आणून पाहू. समजा, इतवारीत दोन भावांचे एक दुकान आहे आणि धाकट्याने थोरल्याला न सांगता दुकानावर कर्ज काढले. थोरला ज्या रात्री प्रार्थनेत म्हणतो की प्रभू, मी त्याला सोडले, त्याचे वाईट व्हावे असे आता मला वाटत नाही, त्या रात्री क्षमा झाली. समेट मात्र दुकानातल्या टेबलावर होईल: कर्जाचे कागद, पासबुक आणि खातेवही उघडी ठेवून धाकट्याने किती घेतले आणि कुठे गेले ते स्वतःच्या तोंडाने सांगावे, परतफेडीचे हप्ते ठरावेत, पुढचे प्रत्येक धनादेश दोघांच्या सह्यांनीच निघावेत आणि महिनाअखेरचा हिशोब दोघांनी मिळून बसून करावा. यात कुणी थोरल्याला ‘अजून मनात ठेवून आहेस’ असे म्हणू नये. जकातदार जक्कयाने अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे ठरवले, आणि त्या बोलण्यावरच प्रभूने या घराला तारण मिळाले असे म्हटले.

समेटाला लागणाऱ्या वेळाची नागपूरकरांनी तर लाज वाटू देऊ नये. 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन याच शहरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, आणि तिच्या वाटाघाटी 1929 पासून चालल्या होत्या. एकाच प्रभूला मानणाऱ्या, एकमेकांविषयी मनात वैर नसलेल्या माणसांना बाप्तिस्मा आणि अधिकार यांवर एकमत व्हायला चार दशके लागली. घरातली दुरावलेली माणसे याहून वेगळी नसतात. नागपूरहून राजनांदगावला जाताना ज्यांच्या हाती आगगाडीत नवा करार पडला त्या कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. मग एकत्र आल्या त्या आधी आपले सोवळे सांभाळूनच, आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. तिथे प्रश्न अपराधापेक्षा दुराव्याचा होता, पण पायऱ्या तशाच होत्या.

नोकरीच्या ठिकाणी बहुतेक वेळा पूर्ण समेटाची गरजच नसते, आणि हे कुणी सांगत नाही म्हणून माणसे उगाच दमतात. बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्यात पर्यवेक्षकाने आपली चूक कामगारावर ढकलली, तर त्या कामगाराने त्याला क्षमा करावी, सकाळी नमस्कार करावा, पाळी बदलताना यंत्राची स्थिती लॉगबुकात वेळेसह लिहून सही घ्यावी, आणि घरी जावे. ती सही अविश्वासाचे पाप नाही. ज्याच्याशी मैत्री उरली नाही त्याच्याबरोबरही प्रामाणिकपणे आणि सुरक्षितपणे काम करता येते.

जिथे मारहाण, धमकी किंवा लैंगिक छळ आहे तिथे मला अधिक स्पष्ट लिहायचे आहे. पतीला क्षमा करणाऱ्या स्त्रीवर त्याच घरात परत झोपण्याचे बंधन पवित्र शास्त्र घालत नाही. 2005चा कौटुंबिक हिंसाचार कायदा तिला संरक्षणाचा आणि राहण्याच्या जागेचा आदेश मागू देतो. महिलांसाठी 181 आणि तातडीसाठी 112 हे क्रमांक आहेत, आणि ते फिरवल्याने क्षमा रद्द होत नाही. कामाच्या ठिकाणच्या छळाविषयीच्या 2013च्या कायद्याने तर समेटाची बाब फार विचारपूर्वक हाताळली आहे: चौकशीपूर्वी समेट होऊ शकतो, पण तो त्या स्त्रीनेच मागितला तर, आणि पैशाच्या देवघेवीवर तो आधारता येत नाही. आपल्या मंडळ्यांच्या कमिट्यांनी यातून शिकावे असे मला मनापासून वाटते. फिलिप्पै नगरात पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकले आणि सकाळी गुपचूप सोडून देण्याचा हुकूम आला, तेव्हा अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे असे पौलाने सांगितले. आदल्या रात्री त्याच तुरुंगात तो स्तोत्रे गात होता.

ज्याच्या हातून अपराध घडला त्याच्यासाठी हा क्रम उलटा आहे. मत्तय 5:23-24 मध्ये अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाकडे जायला सांगितले आहे, ते ‘तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे’ अशा माणसाला. म्हणजे चूक ज्याची त्याला. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी त्याने जावे, काय केले ते गोलमोल न बोलता सांगावे, काय परत करणार ते सांगावे, आणि उत्तराची वाट पाहावी. ‘तू क्षमा केलीस ना, मग परत का येत नाहीस’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याला नाही. त्याने आपल्या वाटणीचा हप्ता वेळेवर भरत राहावे, आणि दुसऱ्या बाजूने किती दिवस लागतील ते त्या बाजूने ठरवावे.