अनुकंपा: भरपाई आणि गुणवत्ता यांच्या मधली खुर्ची

सप्टेंबर १८८४मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं. त्यातली रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती अजून लोकांच्या लक्षात आहे. त्याच कागदावर आणखी एक मागणी होती: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करा.

या मागणीला कायद्याचं रूप यायला एकोणचाळीस वर्षं लागली. तोवर घरचा माणूस गेला, तर १८५५च्या कायद्याखाली मालकाची चूक कोर्टात सिद्ध करत बसावं लागे. साच्यावर काम करणाऱ्याच्या विधवेने वकील आणि साक्षीदार कुठून आणायचे? कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ला लागू झाला. त्याने चुकीचा प्रश्न बराचसा बाजूला ठेवला. अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात झाला, एवढं दाखवलं की बहुतेक प्रकरणांत पुरे. आज त्याचं परिशिष्ट वाचताना अंगावर काटा येतो: अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली असं धरायचं, अख्खी तर्जनी गेली तर १४ टक्के. खाटकाच्या दुकानातला दरफलकच जणू. पण मला त्या कायद्याचा मोठेपणा या रुक्ष हिशेबातच दिसतो. मालकाच्या दयेवर काही सोडलेलं नाही. मृत्यू झाला तर मासिक वेतनाचा निम्मा भाग घ्या, त्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणा.

सरकारी नोकरीची वाट निराळी. कंपनीच्या राज्यात वरच्या जागा संचालकांच्या वशिल्याने भरत. १८५५पासून लंडनमध्ये स्पर्धा परीक्षा सुरू झाली. १८६३मध्ये ती पार केलेले पहिले भारतीय सत्येंद्रनाथ टागोर. त्यांची नोकरी झाली ती मुंबई इलाख्यात. हीच परीक्षा हिंदुस्थानात घ्यायला १९२२ उजाडलं. मग राज्यघटनेच्या कलम १६ने सरकारी नोकरीतली समान संधी हा मूलभूत हक्क केला. बाप कोण होता, याला तिथे किंमत नाही.

या दोन वाटा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे उभी आहे अनुकंपा नियुक्ती. नोकरीत असताना कर्मचारी वारला, तर घरातल्या एकाला परीक्षेशिवाय जागा. महाराष्ट्रात ही योजना १९७६च्या शासन निर्णयाने आली, १९९४मध्ये नव्याने बांधली गेली. म्हणजे भरपाईच, फक्त पैशांऐवजी खुर्चीच्या रूपात. आणि ती खुर्ची जाहिरातीची वाट बघत अभ्यासिकेत बसलेल्या कुणाच्या तरी वाट्याची, हेही खरं.

१९९४मध्येच उमेशकुमार नागपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हद्द आखून दिली. नियम गुणवत्तेचा, अनुकंपा हा अपवाद, अचानक कोसळलेल्या घराला सावरण्यापुरता. गेलेल्याच्या हुद्द्याची जागा मागता येत नाही, नोकरी मिळते ती खालच्या दोन वर्गांतच. तो वारसाहक्क नव्हे. १९२३च्या कायद्याने कामगाराला दयेतून सोडवून हक्काकडे नेलं. इथे मात्र योजनेच्या नावातच दया आहे.

कार्यालयात त्याचा अर्थ असा: ठरल्या मुदतीत अर्ज, मग प्रतीक्षासूची, रिक्त पदांपैकी ठरावीक टक्केच जागा, लिपिक व्हायचं तर टंकलेखनाचं प्रमाणपत्र. विवाहित मुलीला सूचीत शिरकाव मिळायलाही वर्षं गेली. १९२३च्या भरपाईच्या कायद्यात मालकाने महिनाभर रक्कम थकवली, की वर्षाला १२ टक्के व्याज लागायचं, वर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही होऊ शकायचा. अनुकंपेच्या सूचीत उशिराला व्याज नाही. उलट इतकी वर्षं घर चाललं, म्हणजे संकट टळलं, असं कोर्टात ऐकून घ्यावं लागतं. आणि वयाची ४५ वर्षं उलटली की सूचीतून नावच निघतं.