टीव्हीवरचं शिक्षण

टीव्हीवरचं शिक्षण म्हणजे शाळा-कॉलेजचा अभ्यास, शेती, आरोग्य असलं काहीही टीव्हीच्या कार्यक्रमांतून शिकवणं, मग सेट वर्गात असो, चावडीवर असो नाहीतर घरातल्या हॉलमध्ये. माहिती देणारा कार्यक्रम वेगळा आणि शिकवणारा वेगळा, दुसऱ्यात कोणाला, काय आणि किती शिकवायचं हे आधी ठरलेलं असतं आणि नंतर ते डोक्यात शिरलं का हे बघायचीही काहीतरी सोय असते, निदान असायला हवी. आपल्याकडे हा विषय निघाला की पुणं येतंच, पडद्यावर नाव दिल्ली-मुंबईचं दिसलं तरी पडद्यामागचं बरंच काम इथे झालंय.

भारतात टीव्ही आला तोच मुळात शिकवायला, करमणूक नंतर घुसली. १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं, १९६१ पासून तिथल्या शाळांसाठी धडे, १९६७ मध्ये शेतकऱ्यांसाठी ‘कृषिदर्शन’. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ चं, आणि पुढच्याच वर्षी ते सिंहगडावरच्या टॉवरवरून पुण्यात दिसायला लागलं (गडावर पिठलं-भाकरी खायला जाणाऱ्या प्रत्येकाने तो टॉवर पाहिलेला असतो, तो कशासाठी आहे हे फार कोणी विचारत नाही). मुंबई केंद्राच्या कार्यक्रमांत ‘आमची माती आमची माणसं’ सगळ्यांना आठवतो, पण शिक्षणाच्या अंगाने बघायचं तर निर्माते आकाशानंद यांचा ‘ज्ञानदीप’ जास्त महत्त्वाचा, कारण त्यातून प्रेक्षकांची ज्ञानदीप मंडळं उभी राहिली, म्हणजे लोक नुसतं बघून गप्प बसले नाहीत, एकत्र जमून कामाला लागले.

सगळ्यात मोठा प्रयोग म्हणजे ‘साइट’, उपग्रहावरून थेट खेड्यांत टीव्हीचं शिक्षण पोचवायचा. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, इस्रो आणि नासा मिळून, उपग्रह अमेरिकेचा, गावं आपली: सहा राज्यांतली सुमारे २४०० खेडी. महाराष्ट्र त्या सहात नव्हता. सेट सार्वजनिक, त्याला तीन मीटरची डिश, आणि डिशला चक्क कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी. सकाळी मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी, शिवाय सुट्टीत हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवायचं प्रशिक्षण. वर्ष संपलं, नासाने उपग्रह परत नेला, गावांतले पडदे बंद. पण त्यातून जो अनुभव मिळाला त्यावर पुढची इन्सॅटची, म्हणजे आपल्या स्वतःच्या उपग्रहांची, सगळी आखणी झाली.

पुण्याचा भाग इथून सुरू होतो. लॉ कॉलेज रोडवर जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट होतीच, १९७४ मध्ये दिल्लीतला टीव्ही प्रशिक्षणाचा विभागही तिथेच आला. मग १९८४ हे वर्ष. त्या जानेवारीत सेनापती बापट रोडवर बालभारतीच्या शेजारी बालचित्रवाणी सुरू झाली, इन्सॅटवरून शाळांना कार्यक्रम पुरवायला ज्या सहा राज्यांत अशा संस्था काढल्या त्यातली महाराष्ट्राची ही. पाच ते आठ आणि नऊ ते अकरा असे दोन वयोगट धरून मराठीत कार्यक्रम व्हायचे, शिक्षकांसाठी वेगळे. त्याच वर्षी १५ ऑगस्टला यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, कॉलेजच्या मुलांसाठी ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केलं, त्यासाठी पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या मीडिया सेंटरमध्येही कार्यक्रम बनायचे. हेतू लहान गावातल्या कॉलेजांचा, भाषा मात्र बहुतेक इंग्रजी, त्यामुळे ज्यांच्यासाठी केलं त्यांच्याच डोक्यावरून जायचं.

बालचित्रवाणीचं दुखणं वेगळं होतं. कार्यक्रम चांगले असायचे, बाहुल्या, गाणी, गोष्टी, त्या वयाची मुलं आता चाळिशीत आहेत आणि तरी शीर्षकगीताची चाल गुणगुणतात. पण प्रक्षेपण सकाळचं, शाळा बऱ्याच ठिकाणी अकराला भरणार. शाळेला मिळालेला सेट हेडमास्तरांच्या खोलीत लाकडी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली हेडमास्तरांच्या खिशात आणि हेडमास्तर तालुक्याला मीटिंगला! त्यातून लावला तर लाइट नाही. म्हणजे ज्या झेडपीच्या मुलांसाठी हे सगळं होतं ती राहिली बाजूला आणि घरी टीव्ही असलेली शहरातली मुलं शाळेत जायच्या आधी डबा भरेपर्यंत बघत बसली. पुढे केंद्राचा निधी आटला, पगार रखडले आणि २०१७ मध्ये संस्था बंद झाली. हजारो कार्यक्रम तयार करणारी, स्वतःचा स्टुडिओ असलेली मराठी संस्था अशी जाऊ द्यायला नको होती.

टीव्हीला जमतं काय, तर वर्गात आणता येत नाही ते दाखवणं: बी रुजताना आठवडाभर काय होतं ते मिनिटात, हृदयाची झडप, ज्वालामुखी. जमत नाही ते उलट प्रश्न घेणं, आणि मागच्या बाकावरच्याला कळलं नाही म्हणून थांबणं. त्यामुळे आधी पाच मिनिटं विषय काढणारा आणि नंतर ‘काय पाहिलंस, सांग’ म्हणणारा माणूस सेटजवळ लागतोच. अगदी लहान मुलांच्या बाबतीत तर हे संशोधनातून वारंवार दिसलंय, समोरचा माणूस जे करून दाखवतो ते दीड-दोन वर्षांचं मूल पटकन उचलतं, तेच पडद्यावर दाखवलं तर कमी. आपल्याकडे पैसा गेला स्टुडिओ आणि उपग्रहावर, या माणसाचा विचार कोणी फारसा केलाच नाही.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये तो विचार थोडाफार झाला. शाळा बंद, स्मार्टफोन सगळ्यांकडे नाही, म्हणून जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका लागली, पहिली ते आठवीसाठी, बालभारतीच्या पुस्तकांवर, पुण्याच्या एमकेसीएल या संगणक-शिक्षणातल्या कंपनीच्या नॉलेज फाउंडेशनची. त्यात फळ्यासमोर उभे राहून बोलणारे सर नव्हते, घरातल्या वस्तू घेऊन घरच्यांबरोबर करायचे उपक्रम होते, म्हणजे सेटजवळचा माणूस कार्यक्रमातच धरलेला, आई, आजी नाहीतर मोठा भाऊ.

प्रक्षेपणाची वेळ आणि शाळेची वेळ यांचं भांडण आता बरंच मिटलंय. जुलै २०१७ मध्ये ३२ वाहिन्यांनी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘स्वयंप्रभा’ या शैक्षणिक वाहिन्यांच्या गटावर रोज निदान चार तासांचं नवीन शिकवणं लागतं आणि तेच दिवसात आणखी पाच वेळा दाखवतात, शिवाय यूट्यूबवर पडतंच. झेडपीच्या कितीतरी शाळांत लोकवर्गणीतून स्मार्ट टीव्ही आलेत, त्यांना पेनड्राइव्ह लावला की झालं, किल्ली कोणाकडे हा प्रश्न मात्र काही ठिकाणी अजून आहे.